नवमीच्या ओळीतली पेटी

पेटीवाल्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, गाणार कोण? दुसरा, पोटापाण्यासाठी काय करता? माझ्या उमेदीची वर्षं या दोन प्रश्नांना तोंड देण्यात गेली. पहिल्याची सवय झाली. दुसरा आमच्या घरातच मुक्कामाला होता, म्हणून जड गेला.

आमचं घर इंझोरीचं, शेतीवर चालणारं. कपाशी, ज्वारी, तूर. बाबांच्या लेखी काम म्हणजे जे केल्यावर अंगाला माती लागते ते. मी गावच्या भजनी मंडळाच्या पेटीवर हात बसवला, पुढे अमरावतीला एका गवयांकडे राहून शिकलो आणि त्यांच्याच साथीला बसू लागलो, तेव्हा बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गावात कुणी विचारलं, थोरला काय करून राह्यला, की ते म्हणत, "तो बाहीर असते." विषय संपला. पेटीला ते खोकं म्हणत. "तुहं खोकं वसरीत नको ठेवू, बकरी चढते त्याच्यावर." हे काम आहे, एवढं त्यांच्या तोंडून एकदा ऐकावं, याखेरीज मला त्यांच्याकडून काही नको होतं. शेतही नको होतं. ते धाकट्यानं पाहावं हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं.

आणि काम तर ते होतंच. साथीदार गळ्याच्या अर्धं पाऊल मागं चालतो. बुवांनी तान घेतली की तिचं शेपूट धरायचं. पुढे गेलात तर आगाऊ, फार मागे राहिलात तर मठ्ठ. तान जमली की दाद बुवांना. फसली की बुवा मान वळवून पेटीकडे बघत, आणि चूक कुणाची ते श्रोत्यांना आपोआप समजे. मी ते मनाला लावून घेत नसे. बैलानं गाडीवानाशी भांडून काय होणार! आज कारंजा, परवा मंगरूळ, शेलूबाजारला कुणा सावकाराकडचं बारसं, मग एकदम रेल्वेनं खानदेश. प्रवासात पेटीला गोधडी आणि मला जागा मिळेल तो कोपरा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकत, उन्हाळ्यात भात्याचं कातडं तडकत असे. पाण्यापासून आणि उन्हापासून पेटी जपायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. सा रे ग म त्याच्यानंतर.

एकदा मानोऱ्याच्या एका जिनवाल्या शेठजींकडे बुवांना पोचायला उशीर झाला. मंडळी चुळबुळ करू लागली म्हणून मी एकटाच वाजवत बसलो. शेठजी कानाचे तयार निघाले. म्हणाले, दसऱ्याला या, गवई नको, नुसती पेटी ऐकायची आहे. दुपारची बैठक ठरली, जिनाच्या शेडमध्ये. कापूस अजून झाडावरच होता, त्यामुळे शेड रिकामी होती. बुवांना सांगितलं तर ते हसले. "सावली एकटी चालते का रे कुठं?" म्हणाले. त्यांना उत्तर देण्याची माझी पद्धत नव्हती. पण मानोरा आमच्या गावापासून बैलबंडीच्या टप्प्यात होता, आणि बाबा ऐकायला येणार होते. निदान नाही म्हणाले नव्हते.

दसऱ्याच्या आधी मी घरी आलो. नवमीला सकाळी शेजारच्या गावच्या तबलजीला निरोप द्यायला गेलो आणि दुपारी परतलो.

खंडेनवमीला आमच्याकडे शेतीची सगळी चीजवस्तू धुऊन, तेल देऊन, अंगणात ओळीनं मांडतात. हळदकुंकू वाहतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी मांडलेली वस्तू वापरायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत जागची हलवायची नाही, असा नेम. मी अंगणात शिरलो तर ओळ मांडून तयार होती. वखर, डवरा, तिफण, तिच्या बाजूला माझी पेटी, मग कुऱ्हाड, विळे. पेटी ओली होती. पट्ट्या तेलानं चकाकत होत्या. उन्हात तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

बाबा धोतराला हात पुसत माझ्याकडे आले. "आतून लय मळ होता," म्हणाले. "नारळाच्या शेंडीनं घासली. गोडं तेल देल्लं. काहून इतकी घान ठेवत जातं तू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पेटीतले सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, जर्मन होत्या. ती घ्यायला मी किती वर्षं बुवांच्या मागे टाचा झिजवल्या, हे मलाच माहीत. उद्या पहिली बैठक, आणि यांनी ती बैल धुवावा तशी धुतली होती. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात भिंतीकडे लक्ष गेलं. धाकट्याची सायकल तिथं तशीच टेकून उभी होती, धुळीनं भरलेली. तिला ना पाणी, ना कुंकू. सायकल म्हणजे बाबांच्या मते शौक. ओळीत जागा होती ती फक्त ज्यानं घर चालतं त्याला.

मी पुन्हा ओळीकडे पाहिलं. तिफणीच्या शेजारी.

"बरं केलं," मी म्हणालो. उगाच समजूत घालायला नाही. मला खरोखर आनंद झाला होता, आणि त्याच वेळी धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. माय दारात उभी होती. तिला काहीतरी बिनसल्याचा वास आला होता, पण काय ते कळत नव्हतं. नेमाप्रमाणे पेटी हलवता येत नव्हती, म्हणजे उघडून वाळवायचीही सोय नव्हती. ओल आत निवांत मुरत राहिली.

दसऱ्याला पहाटे पूजा उतरली आणि आम्ही बंडी जुंपली. मानोऱ्याला शेडमध्ये बसून मी हळूच एकेक पट्टी तपासली. मी धरत असे त्या षड्जापासून मध्यम बोलतच नव्हता. निषाद दाबला की वर येत नव्हता, भों करत राहायचा. बाकीचे सूर कसेबसे जागेवर होते. मी भीमपलासीची तयारी करून आलो होतो, आणि मध्यम-निषादाशिवाय भीमपलासी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मग मध्यम आणि निषाद ज्याला लागतच नाहीत असा राग कोणता? भूप. तो संध्याकाळ सरल्यावर वाजवायचा. भर दुपारी भूप सुरू केला तसा तबलजीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी उपासाच्या दिवशी मटण मागितलं. शेठजींच्या भुवया वर गेल्या. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

लोक बरेच होते. थोड्या वेळानं मागून कुजबुज सुरू झाली, ती मला अपेक्षित होतीच.

"गानारा कवा येते गा?"

"येईन ना. आता बाजा जमवून राह्यले."

पुढे पोत्यावर बसलेले बाबा मागे वळले. "कोनी येत नाही," म्हणाले. "चूप बसा अन् आइका. मी सोता धुतली हाय ते."

लोक हसले, पण गप्प बसले. मी दोन मेल्या सुरांना ओलांडत, चिखलातले दगड शोधत जावं तसा, भूप शेवटपर्यंत नेला. बैठक उत्तम झाली असं म्हणणार नाही. उठून कुणी गेलं नाही, एवढं खरं. परतताना बंडीत मला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील. म्हणाले, "पाह्य, धुतली तं कसा मोकळा आवाज निंगाला."

वाजवण्याविषयी अवाक्षर नाही. मी हो म्हणालो.

अमरावतीला पेटी दुरुस्त करणाऱ्यानं सगळे सूर उतरवून साफ केले आणि आतून निघालेली झेंडूची पाकळी माझ्या हातावर ठेवली. पुढच्या नवमीला मायनं सांगावा धाडला, बाबा विचारून राह्यले, पेटी आनतं का नाही. न्यायची तर ती पुन्हा धुतली जाणार. न न्यावी तर ओळीतली जागा जाणार. मी एका कीर्तनकाराकडून एक मोडकी पेटी मागून घेतली आणि ती गोधडीत गुंडाळून घरी नेली. बाबांनी ती मन लावून धुतली, तेल दिलं, तिफणीशेजारी ठेवली. मग दर वर्षी तेच. खरी पेटी अमरावतीला, मोडकी नवमीला. बाप सुखी, पेटी सुखी. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

बैठकी वाढत गेल्या. नुसत्या पेटीच्याही. बाबा मात्र त्यानंतर कधी ऐकायला आले नाहीत, आणि गावात अजूनही "तो बाहीर असते" हेच चाललं होतं.

मोठ्या लढाईत रॉकेल मिळेनासं झालं, त्या सुमाराची गोष्ट. बाबांचे गुडघे गेले होते. विहिरीवर उभं राहवत नव्हतं. नवमीच्या आधी मी गेलो, मोडकी पेटी गोधडीतून काढून ठेवली. ते खाटेवरून बघत होते.

"हे नको," म्हणाले. "औंदा वाजवाची आन."

मी म्हणालो, हीच की.

"ह्याचा भाता उंदरानं खाल्लेला हाय. कायचं वाजते ते?"

"तुमाले कवापासून ठाऊक हाय?"

"पयल्या सालापासून."

"मंग धुत कायले होते?"

"तू इतक्या दुरून आनत होता," ते म्हणाले. "मंग धुत होतो."

मी अमरावतीला जाऊन खरी पेटी घेऊन आलो. नवमीला धाकट्यानं वखर, डवरा, तिफण धुऊन मांडलं. पेटी मी मांडली, कोरडी. बाबा भिंत धरत धरत ओळीपर्यंत आले आणि खाली बसले. पाण्याचा तांब्या जवळ होता, तो त्यांनी दूर सारला. दोन्ही हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि एका बोटानं झाकणावर कुंकू लावलं. पट्ट्यांना हात लावला नाही.

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी वाजव म्हटलं नव्हतं. मीच विचारलं, "वाजवू का?"

ते चिडलेच माझ्यावर. "आज? नवमीले कोनतं अवजार चालते बे? उद्या वाजव."

मग खाटेकडे जाता जाता म्हणाले, "उद्या आइकतो."