टपालवहिनी आणि छतावरचे ठोके

धक्क्यावर तिला सगळे टपालवहिनी म्हणत. टपालखात्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पाहुण्यांना देवमासे दाखवायला समुद्रात नेणाऱ्या बोटीवर ती चहा करायची, आणि ज्यांना बोट लागेल त्यांच्या हातात कागदी पिशवी अन् आल्याची गोळी ठेवून पाठीवरून हात फिरवायची. नाव पडलं ते घरच्या कामगिरीवरून. नवरा बोटीचा कप्तान, दीर छतावर बसून देवमासा हेरणारा, आणि दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. हातभर अंतरावर उभे राहून एक म्हणायचा, त्याला सांग डिझेल भरायचंय. दुसरा म्हणायचा, दादाला सांगा भरून झालं. निरोप वहिनीमार्फत. ती हसून म्हणायची, "तिकीट तरी लावा रे पाकिटाला."

अबोल्याचं कारण एवढंसं होतं. दिराने वेगळं बिऱ्हाड करायचं ठरवलं, तेव्हा धक्क्यावर भीतभीतच विचारलं होतं, दादा, तुला वाईट नाही ना वाटणार? दादा दोर गुंडाळत राहिला. मानही वर केली नाही. धाकट्याच्या ते जिव्हारी लागलं.

बोटीचं काम मात्र त्यामुळे अडलं नाही, कारण तिथे बोलून काम चालतच नसे. छतावरून कुणी "तो बघा" म्हणून ओरडलं की सगळे पाहुणे एकाच कठड्याकडे धावतात आणि बोट कलते. म्हणून सासऱ्यांनी पद्धत पाडली होती. वरचा माणूस टाचेने छतावर ठोका देई. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे उजवीकडे. भावाभावांमध्ये थेट असं एवढंच उरलं होतं.

वहिनीच्या पोटात याहून मोठी गोष्ट होती. एकदा घरी किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली, तरी शेजारीच बसलेला नवरा खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा एक कान गेला होता, दुसरा मंदावला होता. पुढे तोही गेला; बोलणं तो ओठांवरून ओळखू लागला. त्याने तिला शपथ घातली. हे फुटलं तर परवाना जाईल, आणि परवाना गेला तर मी काय धक्क्यावर माश्या मारत बसू? मग तो अनवाणी सुकाणू धरू लागला, केबिनच्या फळ्यांना पाठ लावून. ठोके लाकडातून पाठीत आणि पायांत उतरत. पाहुण्यांनी विचारलं तर ती सांगायची, "त्यांना चपला चावतात."

दादाने त्या दिवशी उत्तर का दिलं नाही, हेही तिला तेव्हाच उमगलं. पण ते दिराला सांगायचं म्हणजे कानांचं सांगणं आलं. इकडे आड, तिकडे विहीर. दिवसभर निरोप पोचवणाऱ्या बाईने एवढा एक दाबून ठेवला. आणि रोज बोट सुटताना तिला वाटायचं, आज नको. आज काही होऊ नये.

ज्या दिवशी झालं, त्या दिवशी वारा पडलेला होता. पाणी ओल्या पाटीसारखं काळपट आणि सपाट. एरवी बोटीमागे कलकलणारे पक्षीही कुठे नव्हते. बऱ्याच वेळाने दूर एक फवारा उडाला, त्याच्या बाजूला दुसरा, बुटका. आई आणि पिल्लू. बोट जवळ गेली आणि छतावर एक ठोका पडला. नवऱ्याने वेग तोडला. इंजिन नुसतं धुगधुगत राहिलं. मोठी पाठ पाण्याखाली गेली, ती वर आलीच नाही. पिल्लू डावीकडे एकटंच तरंगत राहिलं.

वहिनी चहा ओतत होती. तिचं स्वयंपाकघर केबिनला लागून, त्याच छताखाली. छताच्या आडव्या लाकडाला तिची पळी टांगलेली असे. दिराने टाच आपटली की ती किणकिणायची. आता दोन ठोके आले. धप्प, धप्प. फळीवरचे कप उडाले, चहा हिंदकळला. पळी हलली नाही.

ठोके वरून आलेच नव्हते. हे तिच्या ध्यानात येईपर्यंत इंजिन गुरगुरलं आणि बोट डावीकडे वळू लागली.

किटली तशीच टाकून ती धावली. वर दीर जिवाच्या आकांताने ओरडत होता, "दादा, थांब, पिल्लू आहे!" अख्ख्या बोटीने ते ऐकलं, एका माणसाखेरीज. तिने नवऱ्याच्या हातावरून हात घालून इंजिन बंद केलं. बुडाखाली काहीतरी खरवडत गेलं. मग पिल्लाची पाठ वर आली, तिच्यावर हातभर लांब ओरखडा, लालसर. कुणी फोटो काढला नाही.

दीर धडधडत खाली उतरला. "मी एकच ठोका दिला होता. डावीकडे वळायला कोणी सांगितलं तुला?" दादा समोर पाण्याकडे बघत राहिला. "बघा वहिनी. आजही उत्तर नाही."

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही. त्या दिवशी धक्क्यावरही आलं नव्हतं. आत्ता दोन ठोके लागले, पण वरून नव्हे, बुडाखालून."

दिराचं लक्ष भावाच्या अनवाणी पायांकडे गेलं. मग तो दादाच्या समोर, त्याला आपले ओठ दिसतील असा उभा राहून हळूहळू म्हणाला, "दादा, ते ठोके खालून आले. पिल्लाच्या आईचे होते."

दादाने फळीवर हात टेकला. "दोन्ही?"

दिराने होकारार्थी मान हलवली.

"सुकाणू तू धर," दादा म्हणाला. "धक्क्याला लागलो की परवाना जमा करतो." मग पाण्याकडे बघून, "लागलो तर."

दिराने सुकाणू धरलं, पण इंजिनला हात लावला नाही. लावणार कसा? आई बोटीखालीच होती. पिल्लू दूर सरकलं होतं आणि मोठी पाठ अजून कुठेच दिसत नव्हती. वहिनीने पाहुण्यांना कठड्यापासून मागे घेतलं, एकेकाला खाली बसवलं आणि जाकिटांचे बंद ओढून बघितले. आत फळीवर कप पुन्हा वाजले. तिने दारातून पळीकडे पाहिलं. ती स्तब्ध लटकत होती.