साळवेकाकांचं ब्लडप्रेशर आणि माझे कान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला माझ्याच कानांची लाज वाटणार आहे.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. नाशिकला कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो. माझा मेहुणा औषध कंपनीत. त्याने मला पाऱ्याचं एक जुनं ब्लडप्रेशरचं मशीन दिलं. झालं, दर रविवारी सकाळी अर्धी कॉलनी माझ्या ओट्यावर बाही वर करून बसायला लागली.

नुसतं तपासून सोडलं तर मी मास्तर कसला? प्रत्येकाला समजावून सांगायचो. पट्ट्यात हवा भरली की दंडातलं रक्त अडतं, सगळं शांत. हळूहळू हवा सोडली की चेपलेल्या शिरेतून रक्त घुसतं, खळबळतं, आणि कानाला लावलेल्या नळीतून ठक ठक ऐकू येतं. तो वरचा आकडा. शीर पूर्ण उघडली की रक्त पुन्हा सुरळीत वाहतं, आवाज बंद. तो खालचा. गोदावरीचं पाणीसुद्धा अरुंद जागीच आवाज करतं की नाही?

माझे सगळ्यात निष्ठावंत श्रोते म्हणजे शेजारचे साळवेकाका. कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे विंचूरचे. जेवताना कांदा मिठात बुडवून खायचे. डॉक्टरांनी त्यांना गोळ्या दिल्या होत्या. मी तपासलं तर एकशे चाळीस. पुढच्या रविवारीही तेवढंच. मग काकांनी गोळी अर्धी केली. मी मान डोलावली.

एकदा डॉक्टरांकडे दोनशे दहा निघालं. काका तडक माझ्याकडे. मी एकशे सत्तरपर्यंत हवा भरली, कान लावला. चिडीचूप. हवा सोडत आलो, एकशे चाळीसला ठक ठक सुरू. मी म्हणालो, "दवाखान्यात माणूस घाबरतो, काका." त्या दिवसापासून गोळी बंद.

आणि खरं सांगू? एका रविवारी काकांना तपासताना पंप जरा जास्तच दाबला गेला होता. तेव्हा दोनशेच्या वरही ठक ठक ऐकू आलं होतं. मग मध्येच गप्प, आणि एकशे चाळीसला पुन्हा सुरू. मला वाटलं, नळी शर्टाला घासली असेल.

दोन महिन्यांनी सकाळी काकूंची हाक आली. काका खुर्चीत, चहा मांडीवर सांडलेला, तोंड वाकडं, उजवा हात लोंबकळत. रिक्षात मी त्यांना मिठीत धरून बसलो होतो. ते काहीतरी सांगत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं.

वॉर्डातल्या सिस्टरांनी दोनशे वीस लिहिलं. मी हळूच म्हणालो, घरी तर एकशे चाळीस असतं. सिस्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझे कान त्यांच्या नळीला जोडले, माझं बोट काकांच्या मनगटावर ठेवलं आणि हवा एकशे सत्तरवर आणून थांबवली.

कानात काही नाही. बोटाखाली मात्र नाडी उडत होती.

"काही पेशंटचा आवाज मध्येच गायब होतो," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी नाडी बघायची, मग कान. मशीन दिलं त्यांनी सांगितलं नाही का?"

रक्त वाहत होतं, सगळ्या जोरानिशी. फक्त मला ऐकू येत नव्हतं, आणि मी ती शांतता निरोगी ठरवून मोकळा झालो होतो.

काका वाचले. हात गेला तो गेलाच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते अडखळत सांगायचे, सरांनी वेळेवर आणलं म्हणून वाचलो. मी खाली बघायचो. रोज जायचो, डाव्या हाताने त्यांना भाकरीचा घास नीट घेता येईना, तर भरवायचो. पण बोललो नाही. चार महिने.

शेवटी एका दुपारी काकू बाहेर गेल्यावर सगळं सांगून टाकलं. गोळ्या माझ्यामुळे सुटल्या, आवाज ऐकूनही मी दुर्लक्ष केलं, सगळं.

काका अर्ध्या तोंडाने हसले.

"माहीत आहे. सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

बराच वेळ शब्द जुळवत बसले.

"बोललो असतो, तर तुम्ही परत समजावून सांगितलं असतं."