नटावरचा ठिपका

चाकणच्या कंपनीत मी बारा वर्षं गाड्यांच्या वायरी तपासतो. जोड बघायचा, ठीक असेल तर पांढऱ्या मार्करने ठिपका द्यायचा, पुढचा घ्यायचा. ठिपका पडलेल्या जोडाला मग कुणी हात लावत नाही. पुनावळ्यात आमची शेती होती तेव्हा ट्रॅक्टर स्वतः खोलणाऱ्या वडिलांना हे काम कधी पटलं नाही. "निसतं बघायचा पगार देत्यात व्हय?" असं ते पाहुण्यांसमोर विचारायचे. मी हसायचो, पण मला ते लागायचं.

म्हणून गाडीत चांगले स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायचं ठरलं, तेव्हा मी वडिलांना मुद्दाम चिंचवडच्या दुकानात नेलं. माझं काम काय असतं ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढाच हेतू होता.

फिटरने बोटाएवढी जाड, लालभडक वायर काढली. मी ब्लेडने तिची तार खरवडली. वरचा तांबूस मुलामा गेला आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम निघालं. दुसरी सोलली तर निम्मं प्लॅस्टिकच. तिसरी अस्सल तांब्याची होती, बारीक तारांची, हातात सहज वाकणारी. "भाऊ, तुम्ही कंपनीतले दिसता," फिटर म्हणाला. तोही पूर्वी ठेकेदाराकडून एका कंपनीत होता. वडील स्टुलावर बसून बघत होते. त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही, आणि आमच्या घरात एवढं पुष्कळ असतं.

फिटरने बॅटरीचा नट सैल करून वायरीची कडी त्यात अडकवली, नट बोटांनी फिरवला आणि तो पाना आणायला आत गेला. मी वाकून पाहिलं. कडी नीट बसली होती, फ्यूजही बॅटरीजवळच होता. मार्कर खिशातून कधी निघाला ते मला कळलंही नाही. नटावर ठिपका देऊन मी वडिलांना तांब्याचे गुण सांगायला वळलो. पाना घेऊन आलेल्या फिटरने ठिपका पाहिला, नट मीच आवळला असं धरलं आणि बॉनेट लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन देहूला निघालो. अभंग लावला होता. "आवाज झ्याक हाय," म्हणत ते गुडघ्यावर ताल धरत होते. रावेतला एका गतिरोधकावर गाडी आदळली आणि आवाज गेला, गाडीही बंद पडली. किल्ली फिरवली तरी काही नाही. मागे हॉर्न सुरू झाले.

वडील उतरले. बॉनेट उचलून त्यांनी थेट बॅटरीची वायर धरून हलवली, ट्रॅक्टरची हलवायचे तशी. ती डुलली.

"ह्यो ठिपका कुणाचा?"

"माझा."

डिकीतली पक्कड माझ्याकडून मागून घेऊन त्यांनी नट आवळला. ठिपका नटाबरोबर अर्धा फेरा फिरला. गाडी सुरू झाली आणि अभंग पुन्हा लागला. ते हात पुसून शेजारी बसले. मी पगाराच्या त्या प्रश्नाची वाट बघत होतो.

"वायर मातुर चांगली निवडलीस," ते म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

कंपनीत मी आता ठिपक्याआधी जोड हाताने ओढून बघतो. त्यात वेळ जातो, सुपरवायझर कुरकुरतो. वडिलांनी मात्र पाहुण्यांसमोर तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. त्यांनी विचारावा असं मला फार वाटतं.