तोरणाखालचा गोलकीपर

तोरणाचा खांब मोडून कमरेवर पडला होता, तोंडावर आंब्याची पानं होती, आणि भावजींनी पहिलं विचारलं ते हे, "वहिनी, आत गेला का?"

म्हणजे उधळलेला बैल माझ्या दारात शिरला का. मी म्हणाले, "न्हाई गेला. गप पडून रहा." असा माणूस आमच्या सेनगाव तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही ते बरंच झालं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. तरुणपणी हैदराबादेत एका गिरणीच्या संघात ते फुटबॉलचे गोलकीपर होते आणि त्याचा त्यांना पगार मिळायचा. गिरणीनं पुढं बोलावणं बंद केलं, तेव्हा गावी येऊन सोयाबीन पेरू लागले. पण अंगातला गोलकीपर काही गेला नाही. दारात उभे राहिले की दोन्ही हात चौकटीला लावून. पाहुण्याला काखेखालून वाकून आत यावं लागे. निवडताना किडकं वांगं मी उकिरड्याकडं फेकलं तर ते मधेच छातीशी धरून परत आणून द्यायचे. एका लग्नात त्यांना नवरदेवाच्या मागं उभं केलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी एक अक्षत पोराच्या डोक्यावर पडू दिली नाही. नवरीची आई म्हणाली, "ह्या बाबाला कोणी बोलावलं?" बोलावलं आम्हीच होतं.

त्यांचं एक दैवत होतं. ते देव्हाऱ्यात नव्हतं. शंभर वर्षांमागं स्कॉटलंड नावाच्या थंड मुलखात कोणी गोलकीपर होऊन गेला. हैदराबादच्या त्यांच्या उस्तादानं त्याची गोष्ट सांगितली होती. नाव उस्तादालाही ठाऊक नव्हतं. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. एका क्लबानं त्याला खाणीतून वर काढलं, दुसऱ्यानं विकत घेतलं, तिसऱ्यानं म्हातारा झाला म्हणून सोडून दिलं. शेवटी त्यानं दारूचं दुकान टाकलं. भावजी हे पारावर पोथी सांगावी तसं सांगत.

माझे मालक विचारायचे, "माणूस विकत घेतला? दात पाहून का रे?"

"पाय पाहून, दादा."

"गोलकीपरचे पाय कशाला पाहावं? हात पाहावं न्हाई का?"

"पायच पाहावं," भावजी म्हणत. "तो गोलच्या दोन खांबांत उभा न्हाई राहायचा. समोरचा येऊन राहिला की हा पुढं पळायचा. आपण पुढं गेलो की मारणाऱ्याला गोल बारीक दिसते. उभा राहिला तो गेला."

हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आमची शेरडंसुद्धा पुढं येऊन उभी राहायला लागली असती. जे सांगत नसत ते मालकांनी मला एकदा सांगितलं. शेवटच्या मॅचला समोरचा गडी एकटा चेंडू घेऊन आला, आणि भावजी खांबातच उभे राहिले. पाय उचललाच नाही. गोल झाला. गिरणीनं पुन्हा बोलावलं नाही.

पोळ्याला आमच्या वेशीत दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. बैल एका बाजूला जमतात, तोरण तुटलं की त्याखालून गावात येतात. भावजी दर पोळ्याला बरोबर त्या खांबांच्या मधोमध उभे.

"काका, बाजूला व्हा ना, बैल येऊन राहिले."

"येऊ दे."

लोकांना वाटे मान म्हणून उभे आहेत. पण बैल आले की तेही सगळ्यांसारखे बाजूला होत. दर वर्षी.

आमचं घर वेशीला लागून पहिलं. त्या पोळ्याला मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होते. कोणीतरी फटाक्यांची लड लावली आणि शेजाऱ्याचा नवा बैल कासरा तोडून सुटला. तोरणाखालून सरळ माझ्याकडं. माणसं भिंतीला चिकटली. मला दुखऱ्या गुडघ्यांमुळं मागं सरता येईना. ताटसुद्धा टाकलं नाही, का कोण जाणे.

भावजी मात्र पुढं पळाले. म्हातारा माणूस, हात पसरून, बैलाच्या तोंडावर. बैलानं असलं कधी पाहिलं नव्हतं. तो बिचकला, वळला आणि खांबाला धडकला. खांब भावजींवर पडला. बैल शेताकडं निघून गेला.

हिंगोलीच्या दवाखान्यात कंबर बांधून दिली. ती काही जुळली नाही. थंडीभर ते ओसरीवर खाटेवर पडून होते. स्कॉटलंडवाल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. एकदा मीच म्हणाले, "सांगा की त्या तुमच्या खाणीवाल्याचं."

"झालं ना आता सांगून," ते म्हणाले.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. बैल आहे, औताला सरळ चालतो. मी पण आहे.