माझ्या नावाने भरलेला फॉर्म

त्या बाईंनी प्रश्न मला विचारलाच नाही. माझ्या डोक्यावरून दादाला विचारला.

"डझ शी अंडरस्टँड व्हाय शी इज हिअर?"

शहराच्या काउन्सिलचा मोठा हॉल. अर्धगोल टेबलामागे काउन्सिलर, मधोमध त्या, अध्यक्षबाई. समोर आमचं छोटं टेबल. त्यावर एकच माईक. तो माझ्या पुढ्यात होता. दादाने तो स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, "अ लिटल." वर हसला. त्याही हसल्या.

मी चौतीस वर्षांची आहे. आठवड्यातले चार दिवस म्हाताऱ्या माणसांच्या एका रेस्ट होमच्या लाँड्रीत काम करते. कुठला स्वेटर कुठल्या आजोबांचा, हे तिथे मला विचारतात. मला शिकायला वेळ लागतो. आकडे उलटे होतात, लांब वाक्यं हातातून निसटतात. पण त्या हॉलमध्ये मी का आले होते, हे मला पक्कं माहीत होतं.

अरोहा जाऊ नये म्हणून आले होते.

अरोहा माझी ॲडव्होकेट. वकील नव्हे. माझ्यासारख्यांच्या शेजारी बसणं हे तिचं काम. डॉक्टरकडे, मॅनेजरकडे, कुठल्याही ऑफिसात. ती माझ्या वतीने बोलत नाही. समोरच्याने तिला काही विचारलं की हातातलं पेन खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते. बघतच राहते. मग समोरच्यालाही झक मारत माझ्याकडे बघावं लागतं.

ती भेटण्याआधी माझी एक दाढ काढली. तोंड माझं, दाढ माझी, सही दादाची. दाढ काढायची आहे हे मला डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. घरी आई म्हणाली, "अगं, दादा आहे ना? तू कशाला डोकं शिणवतेस?" आई कुठेही गेली की आधी हेच सांगते, "आमची ही भोळी आहे हो." इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला अजून लहान मुलांच्या पंगतीत बसवतात. यंदा शेजारच्या सात वर्षांच्या चिमुरडीने विचारलं, "व्हाय आर यू सिटिंग विथ अस?" मी वरणभात कालवत राहिले.

तर काउन्सिलने ठरवलं होतं की अरोहाच्या सेवेला मिळणारे पैसे थांबवायचे. ते एका मोठ्या फंडात घालायचे आणि त्यातून आमच्यासाठी गाणी, चित्रकला, पोहणं. म्हणजे टॉग्ज, पोहायचे कपडे, घाला, पाण्यात उतरा, मजा करा. बोलायचं काम तेवढं घरच्यांवर सोपवा. पक्कं करण्याआधी त्यांनी लोकांची मतं मागवली होती. ऑनलाइन फॉर्म भरायचा, नाहीतर समोर येऊन पाच मिनिटं बोलायचं.

मी म्हटलं, मी बोलणार. तीन मंगळवार अरोहाबरोबर बसून चार वाक्यं पाठ केली. पण विषय तिच्याच नोकरीचा, म्हणून त्या दिवशी तिला मागे पाहुण्यांत बसवलं. शेजारी घरचं माणूस चालेल, म्हणाले. दादा हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. सुट्टी टाकून आला. मला केवढं बरं वाटलं होतं.

अध्यक्षबाईंनी एक कागद उचलला. माझ्याकडे वळून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या की तुझा फॉर्म आम्हाला मिळालाय. "इट्स लव्हली." आणि वाचायला लागल्या. माझं कुटुंब माझी सगळी काळजी घेतं. माझ्या वतीने माझा भाऊ बोलतो. मला ॲडव्होकेटची गरज नाही.

खाली माझं नाव.

मी तो फॉर्म उघडलासुद्धा नव्हता. आधी वाटलं, माझ्याच नावाची दुसरी कोणी असेल. मग दादाकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता.

"दादा, हे तू लिहिलंस?"

"घरी बोलू."

"तू लिहिलंस?"

"ती बाई भेटल्यापासून तू उलट बोलायला लागलीयेस. आम्ही काय मेलोय का तुझ्यासाठी बोलायला? आता इथे तमाशा नको. थँक यू म्हण आणि ऊठ."

मराठी कुणालाच कळत नव्हतं. सगळे छान हसून बघत होते. अध्यक्षबाईंनी दादाला विचारलं, "इज शी ओके?"

परत दादाला.

माझे कान तापले. चारही वाक्यं डोक्यातून पार उडाली. मी मागे वळून पाहिलं. अरोहा उठली नाही, खूण केली नाही, जागेवरून फक्त बघत राहिली. त्या क्षणी मला तिचाही भयंकर राग आला. मग लक्षात आलं, आता माझ्याशिवाय बोलणारं इथे कोणीच नाही.

मी माईक ओढला. खर्रकन आवाज झाला.

"आय डिड नॉट राइट दॅट. माय ब्रदर रोट इट. ही डिड नॉट आस्क मी."

अध्यक्षबाईंची मान पुन्हा दादाकडे वळली. "इज दॅट राइट?"

"डोन्ट आस्क हिम," मी म्हणाले. माझा आवाज फाटला होता. "आस्क मी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा. विचारलं. मी येस म्हणाले. त्या फॉर्मवरून माझं नाव काढा म्हणाले. तेवढ्यात घंटा वाजली, पाच मिनिटं संपली. पाठ केलेली वाक्यं तशीच राहिली.

गाडीत दादा एवढंच बोलला, "चारचौघांत माझी लाज काढलीस." आई दोन दिवस रडत होती. दादा वाईट माणूस नाही, आणि तेच अवघड आहे. पहाटेची शिफ्ट असली की तोच मला सोडतो. माझ्यासाठी तो काहीही करेल, फक्त मला विचारणार नाही.

पुढच्या महिन्यात निर्णय आला. पैसे गेले. अरोहाचं ऑफिस बंद झालं, ती दुसऱ्या गावी नोकरीला गेली. माझ्या बोलण्याने काही वाचलं नाही. हे मी गोड करून सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये गेले. एकटी. माझ्या फाइलवर लिहिलं होतं, पेशंटबद्दल भावाशी बोलावं. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, हे खोडा. ती म्हणाली, मग कोणाशी बोलायचं?

"माझ्याशी," मी म्हणाले. आणि तिने ते खोडेपर्यंत तिथून हलले नाही.

आता बँकेत जायचंय. मग डेंटिस्टकडे. जिथे जिथे माझ्या नावापुढे दादाची सही आहे, तिथे तिथे. पुढच्या वर्षी काउन्सिलच्या बजेटवर पुन्हा सुनावणी होईल. मी नाव देणार आहे. शेजारी कोणी नसलं तरी चालेल. दादा नको.