मिरचीचं रोप आणि चिनी म्हण

चिनी भाषेचा ऑनलाइन कोर्स खरं तर मुलीनं घेतला होता. आठ दिवसांत ती कंटाळली आणि हॉस्टेलवर निघून गेली. बारावीनंतर लग्न होऊन मी म्हसावदजवळच्या या गावात आले, तेव्हापासून पुस्तक हातात धरलं नव्हतं. म्हटलं, आपणच बघू.

पहिल्याच धड्यात भीती गेली. शिकवणाऱ्या पुण्याच्या बाई सांगत होत्या, तोंडासमोर कागद धरा. एका उच्चाराला तो हलला पाहिजे, दुसऱ्याला नाही. वर्गातली इंग्रजी शाळेची पोरं अडखळत होती. मला वाटलं, हा तर आपला 'पळ' आणि 'फळ'! 'चमचा'तला दातांना टेकणारा 'च'सुद्धा त्या भाषेत होता.

पुढे चार-चार अक्षरांच्या म्हणी आल्या. प्रत्येकीमागे एक गोष्ट. रविवारच्या वर्गात मला एक सांगायची होती, 'पा म्याओ चू चांग'. पीक लवकर वाढावं म्हणून एका शेतकऱ्यानं एकेक रोप थोडंथोडं वर ओढलं. दुसऱ्या दिवशी सगळं सुकून गेलं. घाई केली की नुकसान होतं, असा अर्थ.

ओसरीवर मी मोठ्यानं पाठ करत होते. सासरे समोर मिरच्यांचे देठ खुडत बसले होते.

"काय बडबड करी ऱ्हायनी व माय?"

मी गोष्ट अहिराणीत सांगितली. त्यांचा हात थांबला.

"उपाडं म्हनीसन रोप मरनं? आपली मिरची उपाडीसनच लावतस ना?"

"आबा, जुनी म्हन शे ती."

"जुनी ऱ्हावो. तुन्ही बाईले इचार, त्यानी परत माती दाबी का नही?"

रविवारी मी गोष्ट न अडखळता सांगितली आणि तिथंच थांबले नाही. मोडक्या चिनीत पुढे बोलले, "आमच्या गावात मिरचीचं रोप उपटतात. मग दुसरीकडे लावतात. उपटणं चूक नाही. अर्धवट ओढून सोडणं चूक." 'माती दाबणं' येत नव्हतं, ते हातांनी करून दाखवलं.

बाई स्क्रीनजवळ सरकल्या.

मग त्या म्हणाल्या, "ताई, ही म्हण मी कितीदा शिकवली, पण रोपाचं कधी माझ्या डोक्यात आलं नाही. पुन्हा सांगा. बाकीच्यांनी लिहून घ्या."

मी पुन्हा सांगितलं. एका शब्दाचा सूर चुकला, तो त्यांनी सुधारला.

आता माझी दुसरी पातळी चालू आहे. नव्या विद्यार्थ्यांची म्हणींची उजळणी बाईंनी माझ्याकडे दिली आहे आणि ती मी बिनधास्त घेते.

परवा आबांना दुसरी म्हण सांगितली. झाडाच्या खुंटावर ससा आपटून मेला, म्हणून एक शेतकरी शेत सोडून रोज तिथंच दुसऱ्या सशाची वाट बघत बसला. आबा चिडलेच.

"त्यासना गोष्टीसम्हा दरवेळी शेतकरीच येडा कसा?"

"इचारस मी," मी म्हणाले, आणि हा प्रश्न चिनीत कसा मांडायचा ते वहीत लिहायला बसले.