विल्फचं स्पिटफायर विकणे आहे
विल्फ सॉवर्बीचे हात थरथरू लागले तेव्हा तो आधी चहाच्या कपावर चिडला, मग मॉडेल विमानाच्या रिमोटवर. मार्चमध्ये त्याने आपलं स्पिटफायर धावपट्टी सोडून कोवळ्या गव्हात उतरवलं, शेतकऱ्याची माफी मागितली आणि म्हणाला, "विकतो."

महायुद्धातल्या लढाऊ विमानाची ती प्रतिकृती, नऊ फुटी पंखांची. कित्येक हिवाळे तो गॅरेजात ती बांधत बसला आणि बायकोची, एनिडची, गाडी बाहेर गोठत राहिली. त्याची अट एकच होती: घेणाऱ्याने ते उडवलं पाहिजे.

इंग्लंडातल्या लिंकनशरच्या आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबात लेखी नियम पुष्कळ आहेत, ते कुणी पाळत नाही. न लिहिलेला एकच आहे, तो सगळे पाळतात. क्लबातल्या माणसाचं विमान घ्यायचं नाही. आपल्या हातून ते पडलं, तर दर रविवारी त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून बसावं लागतं.

विल्फने विमान गवतावर मांडलं. मयताला जमावं तसे आम्ही भोवती जमलो आणि स्तुती करू लागलो. आमच्यात सर्वांत चांगलं उडवतो तो क्लाइव्ह. तो तर गुडघ्यांवरच बसला.

"घे ना मग," विल्फ म्हणाला.

"गॅरेजात जागा कुठंय माझ्या?"

"पाहिलंय तुझं गॅरेज. बायकोचं व्यायामाचं यंत्र आहे नुसतं."

"तेच रे. त्याला हात लावायची टाप आहे का कुणाची? तीसुद्धा लावत नाही."

सगळे हसले. मग क्लाइव्ह खालच्या आवाजात म्हणाला, "पाडलं तर तोंड कसं दाखवू तुला?"

"मी यायचंच बंद करतो. मग तर झालं?"

एनिडने थर्मासमधून चहा ओतला. विल्फचा कप तिने अर्धाच भरला.

शेवटी जाहिरात वाचून टटल नावाचा पबवाला आला.

"उडवता येतं तुम्हाला?" विल्फने विचारलं.

"मला बिअर ओतता येते, मिस्टर सॉवर्बी. छताला टांगीन म्हणतो."

विल्फ एनिडकडे बघू लागला.

"देऊन टाक," ती म्हणाली. "घरात राहिलं तर रोज त्याच्याजवळ जाऊन बसशील."

"इंजिन तेवढं काढून द्या," टटल म्हणाला. "तेल गळतं. खाली लोक जेवतात."

विल्फने इंजिन काढलं. पाना एनिडने धरला.

जूनमध्ये क्लाइव्ह आणि मी विल्फला टटलच्या पबात घेऊन गेलो. विमान जेवणाच्या टेबलांवर लटकत होतं, चाकं खाली सोडलेली.

"हवेत चाकं आत घेतात," विल्फ म्हणाला.

"लोकांना चाकं आवडतात," टटल म्हणाला.

चाकं आत वळवायला क्लाइव्ह स्टूल ओढू लागला. विल्फने त्याला थांबवलं. "राहू दे. उतरतंय ते."

त्यानंतर विल्फ क्लबात आला नाही. म्हणजे ते विमान घ्यायला आता क्लाइव्हला कसलीच अडचण उरली नव्हती, फक्त ते पबाच्या छताला होतं.